भरतीच्या वेळेची एसटी

रेवसला एसटी किती वाजता सुटते असं कुणाला विचारू नये. लाँच लागली का, ते विचारावं. आणि त्याच्याही आधी, आज तिथी कोणती.

हे मला ठाऊक असायला हवं होतं. आजोळ अलिबागकडे, झिराडच्या बाजूचं. लहानपणीचा प्रत्येक मे महिना भाऊच्या धक्क्यावर सुरू व्हायचा. वळकटी, कडीचा पितळी डबा, मासळीचा वास आणि दर दहा मिनिटांनी आईचं ‘हात आत घे’. तरी परवा निघताना मी मोबाइलमधलं घड्याळ बघितलं, भिंतीवरचं कॅलेंडर नाही. चतुर्थी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा इकडचा जुना हिशोब. चार पाऊणे तीन. तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला पुरती ओहोटी. आणि मी आठची लाँच धरून नऊच्या सुमाराला रेवसच्या तोंडाशी.

इंजिनाचा आवाज उतरला. एक खलाशी बांबू घेऊन पुढे गेला, पाण्यात खुपसून बघितला आणि काही न बोलता मागे आला. बांबूला वीतभर काळा चिखल. धरमतरच्या खाडीचा गाळ रेवस बंदरात साठतो आणि ओहोटीला लाँच धक्क्यापर्यंत जाऊ शकत नाही, ही तक्रार मी ऐकतो आहे त्याला आता बरीच वर्षं झाली. धक्का समोर दिसतो, त्यावरची माणसं दिसतात, आणि आपण मध्येच. डावीकडे पलीकडच्या तीरावर करंजा आणि द्रोणागिरीचा डोंगर.

कुणी कुरकुरलं नाही. शेजारच्या कोळीणबाईंनी तंबाखूची मिश्री काढली. त्यांच्या पायाशी निळ्या प्लॅस्टिकनं बांधलेली पाटी होती, पहाटे भाऊच्या धक्क्यावर लिलावात घेतलेल्या मालाची. मी घड्याळ बघतोय हे त्यांनी बघितलं.

“गारी जाईल म्हणून भ्या वाटतं कं?”

“साडेनऊची आहे ना?”

“असल. पानी येऊंदे.”

पाणी येईपर्यंत करायला काही नव्हतं. वाटेत काशाचा खडक लागला होता, तो डोक्यातून जात नव्हता. १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या सणासाठी गावाकडे निघालेल्या माणसांनी भरलेली ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यायला निघाली आणि अर्ध्या-पाऊण तासात या खडकाजवळ कलंडली. सातशेच्या आसपास उतारू होते. सहाशेहून अधिक गेले. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. बोट होती इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नेव्हिगेशन कंपनीची, जिला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. गोऱ्यांच्या बोटींना टक्कर द्यायला उभी राहिलेली स्वदेशी कंपनी, म्हणून बोटींना नावं संतांची. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा बुडालेल्यांबद्दल थोडं आणि धक्क्यावर थांबलेल्यांबद्दल जास्त सांगायची. तिच्या सांगण्यात त्या दिवशी रेवसला सर्व्हिस मोटार उभी होती. बोट येईना, मोटार हलेना. दुपारी कधीतरी ती रिकामीच परत गेली आणि वाटेतल्या गावांना रिकाम्या मोटारीवरूनच कळलं.

खरं-खोटं मी पडताळलेलं नाही. पण ‘सर्व्हिस मोटार’ हा शब्द मला तिथून मिळाला. आजी शेवटपर्यंत एसटीला सर्व्हिसच म्हणत होती.

त्या सर्व्हिस मोटारी खाजगी मालकांच्या. गेल्या शतकाच्या विशी-तिशीत त्या महाराष्ट्रभर सुरू झाल्या आणि त्यांचा नियम एकच होता, गाडी भरली की सुटणार. भरली म्हणजे किती, हे मालक ठरवणार. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानं परवाने आले, थोडी शिस्त आली. मग महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा मागे कोळशाची भट्टी लावलेल्या गाड्या आल्या. चढ लागला की उतारूंनी उतरून ढकलायचं. या पट्टीला चढ फारसे नाहीत, एवढंच नशीब.

युद्ध संपल्यावर मुंबई सरकारनं प्रवासी वाहतूक आपल्या हातात घ्यायचं ठरवलं. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. बेडफर्डची गाडी, लाकडी बॉडी, तीस माणसांची बैठक. वाहक लक्ष्मण केवटे. ‘रामदास’ बुडाल्याला तेव्हा अकरा महिनेही झाले नव्हते. या दोन तारखांचा एकमेकींशी कागदोपत्री काही संबंध नाही. पण रेवसच्या धक्क्यावर उभं राहिलं की त्या शेजारी शेजारी येऊन बसतात. पाण्यावरचा प्रवास जसा होता तसा कंपन्यांच्या आणि लाँचवाल्यांच्याच हाती राहिला. जमिनीवरचा मात्र सरकारनं उचलला. १९५० साली रस्ता वाहतूक महामंडळांचा कायदा आला, १९६० ला राज्य वेगळं झालं, गुजरातची एसटी गुजरातला गेली. आपल्या महामंडळाचं नाव बदललं. लोकांच्या तोंडचं नाव ‘एस्टी’ आणि ‘यष्टी’च राहिलं.

सव्वा दहाला लाँच धक्क्याला लागली. उतरताना मी अर्धा धावत होतो. धक्का लांब आहे, आणि वय सदुसष्ट. धक्क्याच्या टोकाला लाल गाडी उभी दिसली तेव्हा मला भरून आलं. पाऊण तास थांबली आपल्यासाठी! मनात एक अख्खा लेख तयार झाला: खाजगी गाडी भरली की सुटते, आणि एसटी शेवटचा माणूस येईपर्यंत थांबते, वगैरे.

वाहकाला म्हटलं, “बरं झालं थांबलात.”

“ती गेली हो. ही पुढची.”

लेख गेला.

गाडीत बसल्यावर खिडकीतून बघत होतो. वेळ झाली असावी, कारण चालक आपल्या जागेवर येऊन बसला आणि त्यानं इंजिन चालू केलं. पण वाहक पायरीवरच उभा. दोरीला हात नाही. तो धक्क्याकडे बघत होता आणि तोंडानं मोजत होता. धक्क्यावरून तीन बायका डोक्यावर पाट्या घेऊन येत होत्या, घाई अजिबात न करता. चालकानं आरशात बघितलं. वाहक म्हणाला, “अजून दोन पाट्या.” चालकानं इंजिन बंद केलं. तीनेक मिनिटं गेली असतील. पाट्या आल्या, मागच्या बाकाशेजारी लागल्या, बर्फाचं पाणी एका रेघेत दाराकडे निघालं, आणि मग दोनदा घंटी वाजली. तर थांबण्याबद्दल माझं अगदीच चुकलं नव्हतं. मोजमाप चुकलं होतं.

तिकिटाला वाहक आला. मी आधार कार्ड पुढे केलं. पासष्टीनंतर अर्धं तिकीट. पंचाहत्तरीनंतर तर २६ ऑगस्ट २०२२ पासून पूर्णच माफ. याच रस्त्यावर मी पाच ते बारा या वयात अर्ध्या तिकिटावर आलो होतो. आता पुन्हा अर्ध्यावर. मधली पन्नासेक वर्षं पूर्ण भाडं भरलं, पण तेवढ्यात इकडे किती वेळा आलो ते न मोजलेलं बरं.

कोळीणबाईंचंही अर्धं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना सगळ्या एसटीत निम्मं भाडं आहे. पण वाहकानं मशीनमधून दुसरंही तिकीट काढलं, सामानाचं, आणि ते निम्मं नव्हतं.

“माजा अर्धा, पाटीचा पुरा?” बाई म्हणाल्या. “पाटी काय बाप्या हाय का?”

गाडी हसली. वाहकही हसला, पैसे मात्र त्यानं पूर्ण घेतले.

माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, माझ्याच वयाचे, हातात कापडी पिशवी. मी वाहकाच्या मशीनकडे बघतोय हे बघून म्हणाले, “पेटी आठवते का?” निवृत्त वाहक निघाले. मग अलिबागपर्यंत मला बाहेर बघायला फारसं मिळालं नाही. ॲल्युमिनियमची पेटी, तिच्यात दर दराची वेगळ्या रंगाची तिकिटांची जुडी, रबरानं करकचून आवळलेली. तिकीट काढायचं, पंच मारायचा, पैसे चामड्याच्या पिशवीत टाकायचे, आणि हे सगळं दोन्ही पाय फाकवून, पाठ बाकाला टेकवून, कारण दोन्ही हात गुंतलेले. गाडी मोकळी असेल तेव्हा वाहक उगाचच हवेत पंच वाजवायचा, टिक-टिक, टिक-टिक. तो आवाज त्यांनी बोटांनी काढून दाखवला. “मशीन आलं आणि चिल्लरीचं भांडण राहिलं, पंच तेवढा गेला,” ते म्हणाले.

भाडं टप्प्यानं असतं हे मला माहीत होतं, एक टप्पा सहा किलोमीटरचा हे त्यांनी सांगितलं. अलिबाग-रेवस चोवीसेक किलोमीटर, म्हणजे चारेक टप्पे. टप्पा ओलांडून एका फर्लांगावर घर असलं तरी पुढच्या टप्प्याचे पैसे. त्यामुळे टप्प्याच्या थांब्यावर उतरून पुढे चालत जाणारी माणसं प्रत्येक रस्त्यावर असायची. “माझ्या गाडीत एक गुरुजी होते,” ते म्हणाले, “बावीस वर्षं झिराडला उतरून चालले. मी त्यांना सांगितलं, बसा, कोण बघतंय. नाही बसले.”

गाडीचा नंबर त्यांनी चढतानाच वाचला होता. “एम एच वीस. चिकलठाण्याची.” मला कळेना. गाड्यांची बॉडी बांधायचे एसटीचे स्वतःचे तीन कारखाने आहेत: पुण्याजवळ दापोडी, संभाजीनगरला चिकलठाणा, नागपूरला हिंगणा. ज्या कारखान्यात गाडी बांधली तिथल्या आरटीओचा नंबर तिला मिळतो, मग ती आयुष्यभर कोकणात का धावेना. चौदा म्हणजे दापोडी, वीस म्हणजे चिकलठाणा, चाळीस म्हणजे हिंगणा. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यात चोवीस तास उभी असणारी ही गाडी मराठवाड्यात जन्मली होती. सासुरवाशीण, म्हटलं मी मनात. त्यांना सांगितलं नाही.

मांडवा फाटा आला. इथे बसचा आणि समुद्राचा दुसरा व्यवहार दिसतो. गेटवेवरून मांडव्याला येणाऱ्या कॅटामरान कंपन्यांच्या तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतच्या बसचं भाडं धरलेलं असतं. बोटीतून उतरायचं, कंपनीच्या बसमध्ये बसायचं, अलिबागला उतरायचं. टापटीप काम. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोठी रो-रो बोट येते; तिच्यात तर लोक मोटारीसकट येतात. त्या गाड्या आमच्या लाल गाडीला मागे टाकून जात होत्या आणि प्रत्येक वेळी शेजारचे गृहस्थ नंबर वाचत होते, सवयीनं.

मांडव्याच्या बसला मी नावं ठेवणार नाही. मीही तिनं गेलो आहे, नातीला घेऊन. पण ती बस मध्ये कुणाला घेत नाही. बोटीचं तिकीट असलेला माणूस हाच तिचा प्रवासी. सासवण्याची शाळकरी मुलगी, तिच्या खांद्यावरचं दप्तर आणि खिशातला फुकट पास, ही एसटीचीच गिऱ्हाईकं. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत एसटीचं भाडं नाही, आणि या पट्टीतल्या पुष्कळ मुली त्या पासावर शिकल्या आहेत. त्या दिवशी पाच-सहा जणी सासवण्याला चढल्या आणि उभ्याच राहिल्या, बसायला जागा असूनही. उभं राहिलं की गप्पा बऱ्या होतात.

सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं घर आहे. विनायक पांडुरंग करमरकर, पुण्याचा अश्वारूढ शिवाजी घडवणारे. अंगणात त्यांची सिमेंटची म्हैस बसलेली असते. मामा आम्हाला एसटीतून ती दाखवायचा आणि सांगायचा, गाडीचा हॉर्न वाजला की ती कान हलवते. आम्ही भावंडं दर वेळी बघायचो. या खेपेलाही मी बघितलं. खिडकीतून आता कुंपणच दिसतं.

एसटीच नसली तर काय, तेही इकडे बघून झालं आहे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. महामंडळ राज्य शासनात विलीन करा, ही मागणी. शेजारच्या गृहस्थांना मी विचारलं. ते तेव्हा निवृत्त होते, मुलगा नोकरीत होता. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “घरात पगार नव्हता, ते एक. पण सकाळी सहाला रस्त्यावर आवाज नव्हता.” त्या पाच-साडेपाच महिन्यांत इकडे विक्रम आणि मिनिडोर रिक्षावाल्यांनी लोकांना नेलं-आणलं, हे मान्य करायला हवं. माणसं दाटून बसवली तरी नेलं. म्हणजे पुन्हा, गाडी भरली की सुटणार.

अलिबाग स्थानकात उतरून मी चहा घेतला. फलाटावर पाट्या बघत बसणं हा माझा जुना छंद: पनवेल विनाथांबा, मुरूड, रोहा, पेण. जिल्ह्याचं ठाणं अलिबाग, पण एसटीचं विभागीय कार्यालय पेणला, रामवाडीत. लहानपणी मला हा अलिबागचा अपमान वाटायचा. आता कळतं, कलेक्टर समुद्रकाठी बसला तरी गाड्यांना गोव्याचा रस्ता जवळ लागतो, आणि तो पेणवरून जातो. गंमत अशी की याच जिल्ह्यातली उरण आणि पनवेलची आगारं एसटीच्या लेखी मुंबई विभागात मोडतात. रेवसहून समोर करंज्याला होडीनं पंधरा मिनिटं लागतात. दोन्ही तीरांवर लाल गाडी उभी असते. पण अलीकडची पेणची आणि पलीकडची मुंबईची. रस्त्यानं एकीला दुसरीकडे जायचं तर पोयनाड, वडखळ, पेण अशी खाडीभोवतीची प्रदक्षिणा.

म्हणून परतीला मी पनवेलची गाडी सोडली आणि पुन्हा रेवसची धरली. करंज्याच्या तरीनं पलीकडे जायचं, उरणहून घरी. चालक नवा होता, वाहक सकाळचाच. गाडीत आम्ही नऊजण. तीन वाजून गेले होते, भरती पुरी होती, बोडणीच्या बाजूच्या होड्या डुलत होत्या.

खाडीत पुलाचं काम चालू आहे. रेवस-रेडी सागरी महामार्ग, रायगडच्या या टोकापासून सिंधुदुर्गाच्या त्या टोकापर्यंत. अंतुले १९८० ते ८२ मुख्यमंत्री होते तेव्हापासून या पुलाची बोलणी आम्ही ऐकतो. मामानं तर त्याच्या भरवशावर रस्त्याकडेची जमीन विकायची थांबवली होती. मामा गेला, जमीनही वाटण्यांत गेली. आता खरोखरच काम लागलंय.

“पूल झाल्यावर तुमची गाडी कुठपर्यंत?” मी वाहकाला विचारलं.

“वरून येईल ते.” वरून म्हणजे पेणहून. मग थोडं थांबून म्हणाला, “पण मग इथं वळवायची नाय. सरळ जायचं.”

रेवसला गाडी वळते ती जागा मी तेव्हा नीट बघितली. धक्क्याच्या तोंडाशी डांबर संपतं आणि मातीत चाकांचा एक मोठा कमानीसारखा उमटा पडलेला आहे, इतक्या वर्षांच्या वळण्यानं बशीसारखा खोल झालेला. त्यात पावसाचं पाणी साठतं, बदकं उतरतात. गाडीला एका दमात वळायला तो पुरत नाही. एकदा मागे घ्यावीच लागते, आणि मागे खाडी.

आम्ही उतरलो. तरीला अवकाश होता म्हणून मी बाजूला उभा राहिलो. वाहक गाडीच्या मागे गेला, धक्क्याच्या कडेला पाठ करून उभा राहिला, शिटी तोंडात धरली आणि एक हात वर केला. गाडी गुरगुरत मागे येऊ लागली. छोट्या छोट्या शिट्या. मागचं चाक बशीच्या काठावर चढलं, पाण्याच्या अंगाला झुकलं. त्यानं शिटी काढून हातात घेतली.

“येऊ दे. येऊ दे. अजून येऊ दे…” आणि गाडीच्या पत्र्यावर थाप मारून, “बस.”